माती कुठं थांबते

कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात मी नऊ वर्षं नर्स होते. ती नोकरी मी भांडून सोडली नाही. एका सकाळी एका म्हाताऱ्या पेशंटबाईंचं अंग पुसताना माझ्या लक्षात आलं, की गेले तीन दिवस मी यांची नाडी, ऑक्सिजन, लघवीचं माप सगळं तासातासाला लिहितेय. पण या दिसायला कशा आहेत असं बाहेर कुणी विचारलं, तर मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. हनुवटीवर गोंदण होतं, हिरवट, पुसट झालेलं. तीन दिवसांत मला ते दिसलं नव्हतं.

महिन्याभरात मी राजीनामा दिला. आईला सांगायला गेले. आमच्याकडच्या बायका बोलताना पुरुषांसारखंच ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणतात. आई म्हणाली, “मी काय सांगतो ऐक. सोडलंस ते ब्येस केलंस. पर घरात बसू नको. बसलीस की आजारी पडशील.”

मी बसले नाही. कळंब्याच्या तलावापलीकडं एक लहानसं निसर्गोपचार केंद्र होतं, तिथं नर्स हवी असं कळलं. आठ खोल्या, मागं भाजीचा तुकडा, पुढच्या अंगणात उन्हात पसरलेली चाळलेली माती. केंद्र चालवणाऱ्या डॉक्टर साठी ओलांडलेल्या होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत. किडकिडीत अंगकाठी, सुती साडी, आणि बोलायच्या आधी समोरच्याकडं जरा जास्तच वेळ बघायची सवय.

माझी प्रमाणपत्रं त्यांनी उघडलीसुद्धा नाहीत. म्हणाल्या, “तिकडं तुम्ही लोकांना वाचवत होतात. इथं तसं काही नाही. इथं आपण कुणाला बरंही करत नाही.”

“मग काय करतो?” मी विचारलं.

“बरं व्हायचं काम शरीर करतं. ते त्याला येतं, आपल्यापेक्षा चांगलं येतं. त्याच्या वाटेत काय पडलंय ते शोधायचं, उचलता आलं तर उचलायचं. आणि आपण स्वतः वाटेत पडायचं नाही.”

ऐकायला छान होतं, पण मला पटलं नव्हतं. आमचं घर बौद्ध. वडील शाळामास्तर होते. कुणी मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मानायचं नाही, आधी स्वतः पडताळायचं, हे त्यांनी आम्हा भावंडांच्या डोक्यात लहानपणीच भरवलेलं. व्हेंटिलेटरवरचा माणूस शुद्धीवर येताना मी पाहिलेला होता. मातीच्या पट्टीनं काय होतं ते मला कुणी दाखवलं नव्हतं.

पहिले दोन महिने मी मनातल्या मनात हसत काढले. सकाळी भिजवलेली माती कापडात थापून पेशंटच्या पोटावर ठेवायची. टबात कमरेइतक्या गार पाण्यात बसवायचं. ओल्या चादरीत गुंडाळायचं, वर घोंगडी. कोहळ्याचा रस, उकडलेल्या भाज्या, बिनमिठाचं सूप. संध्याकाळी तलावाच्या कडेनं चालणं. एखादा शिक्षक, एखादी बँकेतली बाई, कागलकडचा एखादा दूधवाला, असे लोक यायचे. आठ-दहा दिवस राहायचे, हलके होऊन जायचे. मला वाटायचं, कुठंही आठ दिवस वेळेवर जेवलं आणि झोपलं तर माणूस हलका होणारच. एकदा मी हे बाईंना बोलूनही दाखवलं. त्या चिडल्या नाहीत. “होय की,” म्हणाल्या, “तेवढंच तर आहे. पण तेवढं त्याला घरी का जमत नाही, हे कोण विचारणार?”

ते विचारायचं काम माझ्याकडं आलं. नवीन पेशंट आला की त्याच्याशेजारी बसून त्याचा एक साधा दिवस लिहून घ्यायचा. कितीला उठता, पहिलं काय खाता, कुणाबरोबर खाता, दुपारी कुठं असता, झोप कधी मोडते, मोडल्यावर काय मनात येतं. दुखतंय कुठं हे शेवटी. विहारात लहानपणापासून ऐकलेलं मला तेव्हा आठवायचं: दुःख आहे, आणि दुःखाला कारण आहे. आम्ही मुलं ते पाठ म्हणायचो. इथं मी ते हातात पेन घेऊन करत होते.

मामा आले ते उन्हाळ्यात, गुऱ्हाळांचा हंगाम संपल्यावर. आमच्याकडं अनोळखी वयस्क माणसाला मामाच म्हणतात, मीही तेच म्हणत होते. ते पन्हाळ्याच्या पायथ्याकडच्या एका गावातले गुळव्या होते. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस आटवून गूळ करणारा जाणता माणूस. भल्यामोठ्या काहिलीत रस उकळत असतो, आणि तो नेमका कधी उतरवायचा हे एकटा गुळव्या ठरवतो. अलीकडं झाला तर गूळ चिकट, पलीकडं गेला तर करपट. मामांनी तीस वर्षं हे केलं होतं. वय साठीच्या आसपास, रुंद छाती, आगीसमोर काळवंडलेले हात.

त्यांनी हातातली प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर पालथी केली. साखरेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या, गुडघ्याच्या, ॲसिडिटीच्या, झोपेच्या.

“ह्या समद्या सोडवा,” ते म्हणाले. “तुमच्याकडं गोळ्या सुटत्यात म्हणून आलोय.”

मागं बाई उभ्या होत्या. “पावणं, गोळ्या मी सोडवत नसते. ज्या डॉक्टरनं सुरू केल्या त्याला विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही. तुम्हाला उपाशीही ठेवणार नाही. राहायचं असलं तर या बोलीवर राहा.”

मामांना ते आवडलं नाही, पण ते राहिले.

त्यांचा दिवस लिहायला मला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त गुडघे सांगितले. दुसऱ्या दिवशी गुळाच्या चवी सांगितल्या, आणि चव बघता बघता साखर वाढली असणार असं स्वतःच हसून म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, “मामा, जेवता कुणाबरोबर?”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, “मंडळी गेली दोन वर्सामागं. तवापासनं घरात जेवायला जात न्हाय मी. गुऱ्हाळावरच खातो. हंगाम नसला तर रानात. सून डबा देती.”

“घरी का नाही?”

“तिचं पाट मांडायचं ठिकाण हाय की चुलीपाशी. तिथं नजर जाती.”

झोपही तेव्हापासूनच गेलेली होती. डबा कधी दुपारी चारला, कधी तसाच परत. पाणी आठवलं तर. दिवसाला पंधरा-वीस कप चहा. गोळ्यांची पिशवी या दोन वर्षांत फुगलेली. त्यांनी हे कुठल्या डॉक्टरला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. मी स्वतः नऊ वर्षांत असं कुणाला विचारलं नव्हतं.

बाईंनी ते सगळं वाचलं आणि मामांच्या मुलाला आणि सुनेला बोलावून घेतलं. त्यांना आहाराचा तक्ता दिला नाही. म्हणाल्या, “यांना डबा द्यायचा बंद करा. बसायची जागा बदला, हवं तर बाहेर सोप्यात बसा सगळे, पण यांच्याबरोबर जेवा. हे औषध आहे असं समजा.” सून रडायला लागली. तिला वाटत होतं, मामांना तिच्या हातचं आवडत नाही म्हणून ते घरात जेवत नाहीत. दोन वर्षं एका घरात राहून दोघांनी एकमेकांना काही विचारलं नव्हतं.

मामा बारा दिवस राहिले. माती, पाणी, चालणं, वेळेवर जेवण. जाताना गुडघे हलके होते, झोप सहा तासांवर आली होती. महिन्या-दोन महिन्यांनी शहरातल्या त्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासून झोपेची गोळी बंद केली आणि साखरेची एक कमी केली. मामांनी केंद्रात फोन करून मोठ्या आवाजात सांगितलं. मी त्या दिवशी पहिल्यांदा आईला म्हणाले, की इथं काहीतरी खरं आहे.

पुढच्या थंडीत, हंगाम भरात असताना, एका दुपारी मुलानं त्यांना जीपमधून आणलं. मामा मुलाच्या आणि जीपवाल्याच्या खांद्यावर हात टाकून उतरले. अंगात ताप. डावा पाय घोट्यापासून खाली जुन्या धोतराच्या पट्टीत बांधलेला, आणि पट्टीवर वाळलेली माती. वास मला फाटकापासून आला. तो वास मला ओळखता येतो.

आम्ही त्यांना बाकावर बसवलं. काहील उतरवताना उकळत्या रसाचा शिंतोडा पायाच्या बोटांवर उडाला होता. साखरेमुळं पाय बधिर झालेले, मामांना भाजलेलं कळलंच नाही. संध्याकाळी पाय धुताना फोड दिसला. त्यांनी रानातली माती भिजवून त्यावर थापली. सकाळी धुवायची, नवी थापायची. बारा दिवस. आणि त्याच्याही आधी, दिवाळीपासून, त्यांनी उरलेल्या सगळ्या गोळ्या स्वतःहून बंद केल्या होत्या.

“शरीर भरून काढतंया म्हणला होता की तुम्ही,” ते बाईंना म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. विश्वास होता. मला ते जास्त लागलं.

बाईंनी कोमट पाण्यानं पट्टी सोडवली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं, वर पायाकडं लाली चढलेली. त्यांनी दोन क्षणही घेतले नाहीत. “मोठ्या दवाखान्यात. आत्ता. सिस्टर, तुम्ही बरोबर जा, तिथं कुणाशी काय बोलायचं ते तुम्हाला माहीत आहे.”

जीप निघायच्या आधी मी बाईंना बाजूला घेतलं. मी कधी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. “हे आपण केलंय. आपण लोकांना अर्धंच सांगतो. शरीराला सगळं कळतं म्हणायचं, वाट बघा म्हणायचं. हा माणूस बारा दिवस वाट बघत बसला.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरोबर आहे. आता जा.”

दोन बोटं आणि पायाच्या पुढचा काही भाग काढावा लागला. पाय वाचला, जीवही. सर्जन तरुण होते, तुटक बोलायचे. माती लावलेली ऐकून ते मला, मीच ती थापल्यासारखं, खूप बोलले. मी ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. रिक्षानं, एकट्या, हातात काही नाही. मामांच्या कॉटशेजारच्या स्टुलावर बसल्या. सून उभी होती, मी सलाईन बघत होते.

“मामा,” बाई म्हणाल्या, “माझी चूक झाली. मी तुम्हाला माती लावायला शिकवली. माती कुठं थांबते ते शिकवलं नाही. जी जखम तुम्हाला दुखत नाही, ती मातीची नव्हे. ते मी सांगायला हवं होतं. माझं काम शिकवायचं होतं, ते मी अर्धं केलं.”

मामा कानकोंडे झाले. “तुमचं काय चुकलंया बाई? गोळ्या मीच सोडल्या की. तुम्ही नको म्हणला होता.”

“नको म्हणाले. का नको ते समजावलं नाही. तुम्ही तीस वर्षं काहील सांभाळली. नुसतं ‘आता उतरवू नको’ म्हणून शिकाऊ माणसाला कळतं का?”

मामा जरा हसले. “न्हाय कळत. त्येला काहिलीम्होरं उभं करावं लागतं.”

“तेच मी केलं नाही.”

नऊ वर्षांत मी कुठल्या डॉक्टरला पेशंटची माफी मागताना पाहिलं नव्हतं. मला त्या वेळी बाईंचा अभिमान वाटला असं लिहिणं सोपं आहे. खरं म्हणजे मला राग होता, आणि तो राग त्या माफीनं गेला नाही, फक्त त्याला बसायला जागा मिळाली.

मामांची जखम भरायला अडीच महिने लागले. दवाखान्यातून सोडल्यावर ड्रेसिंगसाठी रोज शहरात येणं त्यांना जमणारं नव्हतं, म्हणून सर्जनच्या परवानगीनं ते आमच्याकडं राहिले आणि ड्रेसिंग मी करत होते. इन्सुलिनचं इंजेक्शन मी देत होते. दर आठवड्याला सर्जनना दाखवून आणत होते. पोटावर मातीची पट्टी नव्हती, टब नव्हता. फक्त स्वच्छ पाणी, निर्जंतुक गॉज, पथ्याचं जेवण, झोप, आणि मुलगा-सून आलटून पालटून सोबतीला.

रोज सकाळी गॉज उचलला की मी बघायचे. पहिले दिवस नुसता फिकट, निर्जीव खड्डा. मग एका सकाळी तळाशी लालसर, बारीक दाण्यांसारखं काही उगवलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी जरा जास्त. कडेनं पातळ, गुलाबी कातडी आत सरकत होती, दिवसाला सूतभर. अशा जखमा मी आधी शेकड्यांनी बघितल्या होत्या. ‘जखम समाधानकारक’ असं लिहून पुढच्या कॉटकडं गेले होते. या वेळी मी तिथं बसून राहायचे. यातलं काहीच मी करत नव्हते. मी घाण काढत होते, कोरडं-ओलं बघत होते, साखर आवाक्यात ठेवत होते. ते लाल दाणे आणणारं दुसरंच कुणी होतं.

एकदा तपासणीच्या वेळी मी हे त्या तरुण सर्जनना बोलले. ते हातमोजे काढत म्हणाले, “सिस्टर, मी फक्त मेलेलं कापून काढतो. भरतं त्याचं त्याचं. ते जर भरलं नसतं, तर माझा धंदा एका दिवसात बंद पडला असता.” मग मोजे बादलीत टाकत म्हणाले, “तुमच्या बाईंना सांगा, पेशंट चांगला ठेवलाय.”

मी बाईंना सांगितलं.

त्यानंतर केंद्रात एक गोष्ट बदलली. पेशंट घरी जायला निघाला, की बाई त्याच्यासमोर अर्धा तास बसायच्या आणि आपल्यावर केव्हा विश्वास ठेवायचा नाही ते सांगायच्या. छातीत कळ आली तर इथं फोनही करू नका, सरळ दवाखाना गाठा. साखर असलेल्यानं पाय रोज बघायचे, तळवे आरशात बघायचे. ताप, काळेपणा, बधिरपणा, अचानक घटलेलं वजन. काही लोकांना ते विचित्र वाटायचं. एका गृहस्थांनी मला बाहेर विचारलं, “तुमच्या डॉक्टरांचाच विश्वास नाही होय त्यांच्या उपचारावर?” “आहे म्हणूनच सांगतात,” एवढंच मी म्हणाले.

मामा पुन्हा काहिलीसमोर उभे राहू शकले नाहीत. मुलानं ते काम हातात घेतलं. मामा खुर्चीवर बसून सांगायचे, कधी ओरडायचे. दर दसऱ्याला ते काठी टेकत, एसटीनं, दोन गाड्या बदलून बाईंना सोनं द्यायला यायचे. आपट्याची पानं बाईंच्या हातात ठेवून वाकायला बघायचे. बाई दर वेळी मागं सरायच्या, आणि ते गेल्यावर त्या दिवशी फारसं कुणाशी बोलायच्या नाहीत.

गेल्या वर्षी दसऱ्याला ते आले नाहीत. दुपारी मुलाचा फोन आला. सकाळी तोंड धुऊन चहाला बसले आणि बसल्या जागी गेले. हृदय थांबलं. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नव्हता. गोळ्या चालू होत्या, जेवण वेळेवर होतं, महिन्यापूर्वीची तपासणी ठीक आलेली. कुणाचं काही चुकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाई आणि मी त्यांच्या गावाला गेलो. सोप्यात माणसं बसली होती. सुनेनं बाईंचे हात धरले आणि सोडलेच नाहीत. बाई तिला काही समजावत बसल्या नाहीत, तशाच बसून राहिल्या. कुणीतरी चहा आणला. मुलगा आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला, तिथं म्हणाला, “आबा सांगायचं, दोन बोटं गेली पर इतकी वर्सं घरात जेवलो.” आणि तो घराकडं वळला.

परत येताना मी गाडी चालवत होते. बराच रस्ता गेल्यावर मी विचारलं, “बाई, शरीर स्वतःला बरं करतं म्हणता. मग हे?”

“करतं,” त्या म्हणाल्या. “करत राहतं. आणि एके दिवशी थांबतं. तेही त्याचंच असतं. निसर्ग म्हटलं की लोकांना फक्त उगवणं आठवतं.”

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “मी त्या माणसाचा अर्धा पाय घालवला आणि तो मला सोनं द्यायला यायचा. याचं मी काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.”

समोर उसाचे ट्रॅक्टर लागले होते, एकामागं एक, पुढं काढायला जागा नव्हती. आम्ही त्यांच्या मागं हळूहळू कोल्हापूरकडं येत राहिलो.